आजीच्या गोधडीचे पदर आणि रोजची पाऊण तासाची शिवण

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

गेल्या दिवाळीच्या आधी माळ्यावरची अंथरुणे-पांघरुणे गच्चीवर उन्हात घालताना आजीने शिवलेली गोधडी हाती लागली. ती निदान चाळीस वर्षांची असावी, कारण माझ्या पाचव्या-सहाव्या वर्षी मी तिच्यावर निजत असे, हे मला स्वच्छ आठवते. तिची एक कड उसवून लोंबत होती. ती नीट करावी म्हणून मी वीतभर शिवण आणखी उसवली, तेव्हा आतले पदर एकेक करून दिसू लागले. सर्वांत वर हिरव्या इरकलीचे अंग, त्याखाली आजोबांच्या धोतराचा पिवळट पडलेला आणि सायीसारखा मऊ झालेला थर, त्याखाली रेघांच्या सदऱ्याचे तुकडे. त्यांतल्या एका तुकड्यावर काज तसेच होते, गुंडी मात्र आजीने काढून घेतलेली होती. हा सदरा माझ्या वडिलांचा शाळेतला, हे त्यांनी रेघा पाहताक्षणी सांगितले.

सर्वांत खालचे कापड म्हणजे दांड घातलेले लुगडे होते. नव्या वाचकांसाठी सांगते: नऊवारी बसण्याच्या जागी आधी विरते, काठ आणि पदराकडचा भाग मात्र शाबूत राहतो. मग विरलेला भाग कापून टाकून उरलेले दोन चांगले तुकडे एकमेकांना जोडायचे, या जोडाला दांड म्हणतात. दांड घातलेले लुगडे आजी आणखी दोन-तीन वर्षे नेसत असे. तेही नेसवेनासे झाले की मऊ भाग बाळंतविड्याच्या दुपट्यांसाठी बाजूला पडायचा आणि बाकीचे गोधडीसाठी बोचक्यात जायचे. त्या जोडावरची आजीची शिवण इतकी बारीक आहे की बोट फिरवल्याशिवाय जोड सापडत नाही.

हे पाहिल्यावर आपणही एक गोधडी हाताने शिवावी असे मनाने घेतले आणि मी कपाट उघडले. माझ्याकडे रोज कार्यालयात नेसायच्या एकतीस साड्या आहेत. त्यांपैकी गोधडीच्या कामाच्या केवळ चार निघाल्या. बाकीच्या सगळ्या कृत्रिम धाग्याच्या, धुतल्या की तासाभरात वाळणाऱ्या आणि इस्त्री न मागणाऱ्या. अशी साडी वीस वर्षांनीही मऊ पडत नाही, घाम शोषत नाही, आणि दोन थर एकमेकांवर ठेवले तर सुईखालून निसटतात. गोधडीची सुरुवात सुई-दोरा हाती घेण्याच्या कितीतरी वर्षे आधी, आपण रोज अंगावर काय घालतो तिथे होते, हे मला त्या कपाटासमोर उभे राहून समजले.

त्यानंतर मी रोजचे नेसणेच बदलले. एकदम सगळे टाकून दिले नाही, पण नवी साडी घ्यायची वेळ आली की सुतीच घेते, जमेल तेव्हा हातमागाची. पहिल्या वर्षी तिला खळ असते, निऱ्या ताठ उभ्या राहतात आणि सकाळची दहा मिनिटे इस्त्रीत जातात. दुसऱ्या वर्षी ती अंगाला बसू लागते. तिसऱ्या वर्षी पदर खांद्यावरून आपोआप ओघळतो, रंग थोडा उतरून जास्त शोभू लागतो, आणि त्या मऊपणासाठी मी आता कपाटातली जुनी साडी आधी उचलते. चारचौघींत उठून दिसावे यापेक्षा दिवसभर अंगाला सुखावह वाटावे, ही माझी आवडीची व्याख्या झाली आहे, आणि यात मला मनापासून आनंद आहे.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. आईकडे आजीचे आणखी एक लुगडे होते, ते मी मागून घेतले. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट लांबी आणि पंचेचाळीस इंच पन्हा. कात्री न लावता त्याची चौपदरी घडी घातली की पावणेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे चार थर मिळतात, म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाला एक लुगडे पुरते. विरलेल्या जागी मी माझ्या सुती साडीची ठिगळे आतल्या बाजूने लावली. दोन ओळींमध्ये एक बोट अंतर आणि तांदळाच्या दाण्याएवढा धावदोरा धरला. एका वितीत सुमारे सव्वीस टाके येतात. एक बोट म्हणजे पाऊण इंच धरून हिशेब केला, तर सगळी मिळून सव्वाशे मीटरच्या जवळपास शिवण होते. रात्री जेवणे उरकल्यावर रोज पाऊण तास, असे मला बासष्ट दिवस लागले.

त्या पाऊण तासाबद्दल मला अधिक लिहावेसे वाटते, कारण या धाग्याचे मूळ तेच आहे. सुई चार पदरांतून खाली जाताना एक बारीक 'टप्' असा आवाज होतो. सुईवर चार-पाच टाके एकदम घेऊन दोरा ओढला की कापडावर हलकी सुरकुती पडते, आणि ती तळहाताने निपटून सपाट करायची. काही दिवसांनी हाताला लय सापडते, पुढचा टाका कुठे पडणार हे डोळ्यांआधी बोटांना कळते. घरातली माणसे आजूबाजूला येऊन बसतात आणि बोलतात, कारण माझे हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. माझ्या मुलाने त्याच्या नोकरीतली एक मोठी अडचण मला अशाच एका रात्री, गोधडीच्या दुसऱ्या टोकाला बसून सांगितली.

आता माझे प्रश्न. आजीच्या जुन्या गोधडीची उसवलेली कड कोणत्या दोऱ्याने शिवावी? कापड इतके जीर्ण आहे की माझ्या नेहमीच्या दोऱ्याने ते फाटेल अशी भीती वाटते. शिवण कडेकडून आत न्यावी की मधून बाहेर? आणि तुमच्याकडे गोधड्या धुण्याची रीत काय आहे? आमच्या वाईला नवरात्राच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण कृष्णेच्या घाटावर नेऊन धुतले जायचे आणि घाटाच्या पायऱ्या रंगीबेरंगी गोधड्यांनी झाकून जायच्या. आता घरात ते कसे करावे?

---

पंचगंगा

ताई, आमच्या कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. माझ्या सासूबाई दरवर्षी उन्हाळ्यात एक वाकळ शिवत असत आणि अंगणात शेजारच्या चौघी-पाच जणी तिच्या चारी बाजूंना बसत. त्यांची शिवण नेहमी कडेने सुरू व्हायची आणि चौकोनातून चौकोन आत आत जात मधोमध संपायची. याचे कारण त्यांनी मला असे सांगितले की कडेने बसणाऱ्या प्रत्येकीला आपापली बाजू मिळते आणि सगळ्यांची शिवण एका वेळी पुढे सरकते.

मात्र त्याआधी त्या एक काम कटाक्षाने करत. सगळे थर जमिनीवर अंथरून, हाताने निपटून, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचे आणि हातभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालून सगळी वाकळ आधी टाचून घ्यायची. हे टाके मागाहून काढून टाकायचे. तसे न करता कडेने शिवत गेले तर आतले सैल कापड पुढे ढकलले जाते आणि मध्यावर येईपर्यंत त्याचा फुगा होतो. एकटीने शिवायचे असेल आणि टाचण्याचा कंटाळा असेल तर मधून बाहेर जाणे सोपे, कारण सैल कापड कडेने निघून जाते. मी दोन्ही करून पाहिले आहे. टाचून कडेने शिवलेली वाकळ मला अधिक देखणी वाटते.

---

सुईदोरा

आपला दोऱ्याचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि त्यात पुष्कळ जणांची चूक होते. दोरा कधीही कापडापेक्षा बळकट असू नये. बळकट दोरा तुटत नाही, मग ताण आला की कापड तुटते, आणि तुटलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. कापडापेक्षा दोरा कमजोर असेल तर तो तुटतो आणि आपण तेवढे टाके पुन्हा घालतो. बाजारातला चकचकीत कृत्रिम दोरा जुन्या सुती कापडाला करवतीसारखा कापतो.

चाळीस वर्षांच्या गोधडीसाठी साधा सुती दोरा घ्यावा, आणि तोही एकेरी. त्याहून चांगले म्हणजे त्याच वयाच्या एखाद्या जुन्या साडीच्या काठातून ताणा-बाण्याचे धागे ओढून घ्यावेत आणि दोन-तीन धागे एकत्र करून वापरावेत. बंगालमधल्या कांथा नावाच्या गोधडीमध्ये जुन्या साडीच्या काठाचे रंगीत धागे असेच वापरले जात. दीड हातापेक्षा लांब दोरा घेऊ नये, कारण त्याला पीळ पडून गाठी बसतात. दोऱ्यावरून मधमाशीचे मेण एकदा फिरवले तर गुंता होत नाही.

उसवलेली कड नुसती शिवू नका. जुन्याच मऊ कापडाची दोन बोटे रुंद पट्टी उभी दुमडून कडेवर बसवा आणि तिच्यासकट धावदोरा घाला. पट्टीसाठी कोरे कापड मुळीच नको. ते पहिल्या धुण्यात आटते आणि जुन्या कापडाला ओढते.

---

कृष्णाकाठ

सुईदोरा, अगदी हेच हवे होते. मी आजवर माझ्या गोधडीलाही दुहेरी दोरा वापरला, तो आता बदलावा का?

---

सुईदोरा

ती राहू द्या. तिचे लुगडे अजून दमदार आहे, आणि ठिगळेही लावलेली आहेत. फक्त कुठे दोऱ्याने कापड कातरते आहे का, हे दर धुण्यानंतर उजेडासमोर धरून पाहत जा.

---

खानापूर

बेळगावकडून थोडी भर घालतो. आमच्याकडे कन्नड बोलणारी माणसे हिला कौदी म्हणतात. आमच्यापासून जवळच, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले आणि त्यांतले कितीतरी गोव्यातल्या पोर्तुगीज अमलातून निसटून या जंगलात आले. त्यांच्या बायका शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात. वर सांगितल्याप्रमाणे त्याही कडेने सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांत मध्याकडे जातात आणि वाटेत जुन्या कपड्यांचे लहानमोठे तुकडे हाताने दुमडून लावत राहतात. चारी कोपऱ्यांना कापडाचे दुमडलेले त्रिकोण असतात, त्यांना त्या 'फुला' म्हणतात. कोपऱ्याला फुला नसेल तर कवंदी त्यांना उघडी वाटते. मी एक कवंदी विकत घेतली, तेव्हा शिवणाऱ्या आजींनी पैसे हातात घेण्याआधी चारी फुला मला बोटाने दाखवल्या.

तुमच्या आजींच्या गोधडीवर इरकलीचे अंग आहे असे लिहिले आहे. तिचा लाल पदर गोधडीत आहे का? इरकलीचे अंग पुष्कळदा सुती आणि पदर रेशमी असतो, आणि दोहोंचे ताणे मागावरच एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. दोन्हींचे आटणे आणि विरणे वेगवेगळे असते, म्हणून आमच्याकडे पदर वेगळा काढून त्याची चोळी किंवा झबले शिवत.

---

कृष्णाकाठ

दादा, तुमचा प्रश्न वाचून मी मुद्दाम गोधडी पुन्हा पाहिली. लाल पदर तिच्यात कुठेही नाही. आईला विचारले तेव्हा कळले की त्या पदराची कुंची शिवली होती आणि ती माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला घातली होती.

---

मेणबत्ती

मी निवृत्त शिक्षक आहे आणि वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी गोधडी शिवायला शिकलो. पत्नी गेल्यावर तिच्या साड्यांचे काय करावे, हा प्रश्न घरात होता. काही नातलगांचे म्हणणे असे की गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत. मी त्यांच्या श्रद्धेचा मान राखून बहुतेक साड्या गरजूंना दिल्या, पण रोज घरात नेसायच्या सहा सुती साड्या देण्यास मन तयार होईना. त्यांच्या दोन गोधड्या झाल्या, एक मुलीसाठी आणि एक मुलासाठी.

माझी अडचण नजरेची होती, सुईत दोरा ओवता येत नसे. आता नात शाळेत जाण्यापूर्वी दहा सुया ओवून अंगाच्या साबणाच्या वडीत खोचून ठेवते. साबणामुळे सुई कापडातून हलकी सरकते, हा लाभ मला मागाहून कळला. मधल्या बोटात अंगुस्तान घालायला संकोच करू नये. पहिल्या आठवड्यात मी तसाच शिवत राहिलो आणि बोटाच्या टोकाला भोके पडून काम पंधरा दिवस थांबले.

---

बर्फाळ

मी कॅनडात राहते. इथे घर आतून तापवलेले असते, त्यामुळे जाड दुलईखाली घाम येतो आणि चार पदरी गोधडी हिवाळ्यातल्या रात्रीही अगदी बेताची होते. मी मैत्रिणीच्या बाळासाठी दुपटे शिवले. बाळाच्या वस्तूसाठी माझा आग्रह असा की टिकल्या, आरसे, गुंड्या, लोंबते गोंडे यांपैकी काहीही लावू नये आणि दोऱ्याच्या गाठी दोन थरांच्या मध्ये लपवाव्यात, म्हणजे कोवळ्या कातडीला टोचत नाहीत. मला एक विचारायचे आहे: लाल साडीचा रंग पांढऱ्या धोतरावर उतरू नये म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवले तर चालते का?

---

सुईदोरा

मिठाने कापडावरचा जुना रंग पक्का होतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. सुटणारा रंग धुऊनच काढावा लागतो. पांढरे ओले फडके साडीवर दाबून ठेवा. त्यावर डाग आला तर साडी पुन्हा धुवा, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवत राहा. पाच-सहा धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ती साडी गडद कापडांच्या गोधडीत घाला.

---

पंचगंगा

धुण्याचा प्रश्न मागे राहिला. मी एक गोधडी आमच्या भागातल्या एका धुलाईच्या दुकानात दिली होती. त्यांनी ती कापसाची रजई समजून यंत्रात जोराने फिरवली आणि परत आली तेव्हा निम्मे टाके तुटलेले होते. रजईत कापूस भरलेला असतो, गोधडीत कापडावर कापड असते आणि सगळा भार टाक्यांवर असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते.

घरी मी मोठ्या टबात कोमट पाणी आणि थोडी साबणाची पूड घालून रात्रभर भिजवते आणि सकाळी मुलांकडून पायांनी तुडवून घेते. मुलांना ते काम खेळासारखे वाटते. पिळायची अजिबात नाही, कारण पीळ दिला की टाके ओढले जातात. ओली गोधडी एकट्याने उचलू नये, ती फार जड होते आणि स्वतःच्या वजनानेच फाटते. दोघांनी चारी कोपरे धरून कठड्यावर पसरावी, दोन तासांनी उलटी करावी, आणि पूर्ण वाळल्यावरच आत आणावी. उन्हात वाळलेल्या गोधडीला जो वास येतो त्यासाठी मी ही सगळी दगदग आनंदाने करते.

---

बचतगट

आमचा बायकांचा गट गोधड्या शिवून देतो, म्हणून दोन शब्द स्पष्ट लिहिते. हल्ली पुष्कळ जण आईच्या साड्या पाठवतात आणि आठवण म्हणून गोधडी मागतात. त्यांत जॉर्जेट आणि नायलॉन इतके असते की आम्हाला मध्ये मांजरपाटाचे अस्तर घालावे लागते, नाहीतर थर जागेवर राहत नाहीत. तेवढे केले तरी सुती गोधडीचा मऊपणा तिला येत नाही, हे आम्ही आधीच सांगतो.

दुसरे म्हणजे दर. धागाकर्त्या ताईंनी बासष्ट दिवस रोज पाऊण तास म्हणजे साडेसेहेचाळीस तास लावले. आमच्या सरावलेल्या बायका यापेक्षा खूप लवकर शिवतात, तरीही हाताची गोधडी ही कित्येक दिवसांची मजुरी असते. यंत्रावर शिवलेली गोधडी एका दुपारी होते आणि दुकानात तिच्या शेजारी आमची ठेवली की गिऱ्हाईक किमतीवरून आमच्याशी घासाघीस करते. कृपया विकत घेताना गोधडी उलटी करून पाहा. हाताचा धावदोरा दोन्ही बाजूंनी तुटक दिसतो आणि टाके थोडे लहानमोठे असतात. यंत्राची शिवण अखंड रेघेसारखी आणि कडक असते. फरक ओळखून मग दर ठरवा.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बचतगट ताई, तासांचा हिशेब मी प्रथमच मजुरीच्या दृष्टीने पाहिला, आणि माझ्या बहिणीला गोधडी हवी आहे ती मी तुमच्यासारख्या शिवणाऱ्या बायकांकडून, त्या सांगतील त्या दराने घेणार आहे. मेणबत्ती सर, साबणाच्या वडीची युक्ती कालपासून सुरू केली आहे.

आजीच्या गोधडीचे काम काल रात्री पूर्ण केले. आईच्या एका जुन्या सुती साडीचा काठ घेऊन त्यातून धागे ओढले, तीन धागे एकत्र करून मेण लावले, आणि त्याच साडीची दोन बोटांची पट्टी कडेवर दुमडून बसवली. वीतभर कडेला दीड तास लागला, कारण टाका जरा ओढला तरी धोतराचा थर चिरत होता. शेवटी सुई तिरकी न घालता सरळ वर-खाली, एका वेळी एकच टाका, असे शिवल्यावर कापड तग धरू लागले. वडील सगळा वेळ समोर बसून होते. काजाचा तुकडा काढून आपल्याजवळ ठेवावा असे एकदा माझ्या मनात आले होते, पण त्यांनी मान हलवली, म्हणून तो जिथे होता तिथेच, दांड घातलेल्या लुगड्याच्या वर ठेवून कड मिटवली.